गावाचे नाव आणि दुकानाचा पत्ता

‘बोलेल त्याची बोरे विकतील’ असे आपल्याकडे म्हणतात. माल कितीही चांगला असो, तो कुठे मिळतो हे गिऱ्हाइकाला कळले नाही तर दुकानदाराला माश्या मारीत बसावे लागते. आज लहान व्यावसायिक हौसेने वेबसाइट करून घेतो आणि चार महिन्यांनी विचारतो, ‘इंटरनेटवर शोधले तर आमचे नाव का येत नाही?’ हा प्रश्न नवा वाटतो, पण त्याचा इतिहास बाजारपेठेइतकाच जुना आहे.

पूर्वी दुकान सापडायचे ते जागेवरून. आठवडी बाजारात भांडीवाले एका ओळीत, कापडवाले दुसऱ्या ओळीत. पेठेत तांबट आळी, कासार आळी वेगळी. मालाच्या नावावरून गल्ली कळे आणि गल्लीत गेले की लोक दुकान दाखवीत. पुढे रेल्वे आली. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडहून हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग आपल्या गंगापूर तालुक्यातून गेला आणि त्याच्या काठी लासूर स्टेशनची बाजारपेठ वाढली. ‘स्टेशन’ हा शब्द त्या गावाच्या नावातच जाऊन बसला. दूरच्या व्यापाऱ्याला पत्ता सांगायला तेवढे पुरे होते.

पण ज्याचे गिऱ्हाईक शेकडो कोसांवर आहे त्याने काय करावे? या प्रश्नाचे उत्तम उत्तर लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या कारखान्याने दिले. किर्लोस्करवाडीसारख्या आडगावी लोखंडी नांगर तयार होत. १९२० साली तेथून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. कारखान्याची माहिती देणारे हे पत्रक शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली पुढे मराठीतले नावाजलेले मासिक झाले. नुसते ‘आमचा माल घ्या’ न म्हणता वाचकाच्या उपयोगाचे काही दिले, तर तो आपणहून आपल्याकडे येतो, ही त्यामागची जाण होती. आजचे वेबसाइटचे जाणकार वेगळे काय सांगतात?

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्या काळी ‘याहू’ची यादी माणसे हाताने लावीत, टेलिफोन डिरेक्टरीसारखी. वेबसाइटींचा पूर आल्यावर ते काम माणसांना पेलेना. मग पानांतले शब्द वाचून उत्तर देणारी यंत्रे पुढे आली. ‘अल्टाव्हिस्टा’ हे त्यांपैकी गाजलेले. पण शब्द मोजणाऱ्या यंत्राला फसविणे सोपे होते. एकच शब्द शंभर वेळा लिहायचा, तोही पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत, म्हणजे माणसाला दिसू नये आणि यंत्राला मात्र दिसावा.

यावर तोड काढली ती लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी. त्यांचे ‘गूगल’ १९९८ साली कंपनी झाले. पान स्वतःबद्दल काय म्हणते एवढेच न पाहता, दुसरी किती आणि कोणत्या तोलाची पाने त्याच्याकडे बोट दाखवितात, हेही त्यांनी मोजले. आपल्याकडे सोयरीक जुळविताना मुलाच्या शब्दापेक्षा गावातल्या चार जाणत्यांचा शब्द मोलाचा मानतात, तसेच हे. मग लोकांनी बोट दाखविणारेही विकत घ्यायला सुरुवात केली. २०११ आणि २०१२ साली गूगलने ‘पांडा’ आणि ‘पेंग्विन’ या नावांचे बदल करून पोकळ मजकुराला व बनावट शिफारशींना चाप लावला. कित्येक वेबसाइटी वरून एकदम खाली आल्या.

मराठीची अडचण आणखी निराळी होती. पूर्वीच्या पुष्कळ मराठी वेबसाइटी विशिष्ट फाँटांत असत. पडद्यावर ‘हळद’ दिसे, पण आत साठविलेली असत भलतीच रोमन अक्षरे. यंत्राला त्यात हळद सापडणार कशी? युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ सालीच आली होती, पण ती संगणकांवर रुळायला बरीच वर्षे लागली. आजही काही दुकानदार छापील पत्रकाचा फोटो चिकटवून मोकळे होतात. फोटोतली अक्षरे यंत्र नीट वाचील याचा भरवसा नसतो. मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला बरा.

आता गंगापूरकडे येऊ. याच गोदावरीवर नाशिकजवळ गंगापूर धरण आहे. राजस्थानात गंगापूर सिटी आहे. इंग्रजीत लिहिले की कर्नाटकातले दत्तस्थान गाणगापूरही अनेकदा त्यात मिसळते. जिल्ह्याचे औरंगाबाद हे नाव बदलून २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले, आणि बिहारातही एक औरंगाबाद आहेच. अशा वेळी वेबसाइटवर नुसते ‘गंगापूर’ लिहिणारा आपले पत्र अर्ध्या पत्त्यावर टाकीत असतो. तालुका, जिल्हा, पिनकोड पूर्ण लिहावा. नवे नाव लिहून जुन्याचाही उल्लेख ठेवावा, कारण जुन्या नावाने शोधणारे अजून आहेत. नकाशावर दुकानाची नोंद करणे विनामूल्य आहे. तेथला पत्ता, फोन आणि वेळ वेबसाइटशी तंतोतंत जुळवावी.

मालाचे नावही गिऱ्हाईक ज्या शब्दाने विचारते तेच हवे. याच तालुक्यातल्या वाळूजला १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आधाराने सुटे भाग करणारे लहान उद्योग वाढले. पुण्याचा खरेदीदार त्यांतल्या एखाद्याला शोधतो तो गावाच्या नावाने नव्हे, तर कोणता भाग, कोणत्या धातूचा, कोणत्या मापाचा, या शब्दांनी. ‘उत्तम दर्जा, तत्पर सेवा’ असे कोणी शोधत नाही.

‘पहिल्या पानावर आणून देतो, हमी घ्या’ म्हणणारे आज गावोगाव फिरतात. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, असे खुद्द गूगलनेच सांगून ठेवले आहे. लहान दुकानदाराची वर्षाची शिल्लक अशा हमीत जाऊ नये, म्हणून हा इतिहास माहीत असावा. आता तर शोधणाऱ्याला यंत्राने लिहिलेले तयार उत्तर वरच मिळू लागले आहे. पण तेही कोणाच्या तरी पानावरूनच घेतलेले असते. बाजार बदलला, पण गिऱ्हाइकाचे तीन प्रश्न बदलले नाहीत: काय विकता, कुठे बसता, आणि तुमच्याबद्दल दुसरे काय म्हणतात? पहिल्या दोहोंची उत्तरे एका दुपारी लिहून होतात. तिसऱ्याचे उत्तर मात्र गल्ल्यावर बसून, वर्षानुवर्षे खरे माप देऊनच मिळवावे लागते.