वुडार्डचे डोळे आणि ट्रुमन यांचा आदेश

१२ फेब्रुवारी १९४६ रोजी सार्जंट आयझॅक वुडार्ड हा २६ वर्षांचा कृष्णवर्णीय सैनिक जॉर्जियातील कॅम्प गॉर्डनमधून सन्मानाने सेवामुक्त झाला. पॅसिफिक आघाडीवरून परतलेला हा जवान गणवेशातच बसने साउथ कॅरोलिनात बायकोकडे निघाला. वाटेत लघवीसाठी गाडी थांबवण्यावरून चालकाशी त्याची बोलाचाली झाली. बेट्सबर्ग गावात चालकाने पोलिसांना बोलावले. पोलीसप्रमुख लिनवुड शल याने वुडार्डला दंडुक्याने बडवले आणि त्याच्या डोळ्यांवर घाव घातले. रात्रभर कोठडीत काढल्यावर सकाळी वुडार्डला काहीच दिसेना. त्याच अवस्थेत त्याला गावच्या न्यायालयात उभे करून ५० डॉलर दंड ठोठावण्यात आला. गेलेली दृष्टी पुन्हा आली नाही.

अमेरिकेच्या दक्षिण भागात असे अत्याचार पिढ्यान् पिढ्या चालत आले होते आणि बहुतेक गावातच गाडले जात. वुडार्डचे प्रकरण गाडले गेले नाही, याचे श्रेय कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेला द्यावे लागते. ही संघटनाही हिंसाचारातूनच उभी राहिली होती. लिंकन यांच्या स्प्रिंगफील्ड शहरात १९०८ साली गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांची वस्ती जाळली आणि त्या धक्क्यातून १९०९ मध्ये तिची स्थापना झाली. तिचे सचिव वॉल्टर व्हाइट यांनी वुडार्डची हकीकत अभिनेते-दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांच्याकडे पोहोचवली. वेल्स यांनी ती रेडिओवरून आठवड्यामागून आठवडे सांगितली. १९४६ च्या जुलैतच जॉर्जियातील मूर्स फोर्ड येथे दोन कृष्णवर्णीय जोडप्यांना जमावाने गोळ्या घातल्या. त्यांतला एक पुरुष माजी सैनिक होता.

१९ सप्टेंबरला व्हाइट यांनी अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांना वुडार्डविषयी सांगितले. ट्रुमन यांच्या घराण्याने पूर्वी गुलाम बाळगले होते, पण पहिल्या महायुद्धात ते स्वतः तोफखान्यात लढले होते. गणवेशातल्या सैनिकाचे डोळे फोडले गेले, हे त्यांना सहन झाले नाही. शलवर केंद्र सरकारने खटला भरला. नोव्हेंबरमध्ये कोलंबिया शहरात सर्व गोऱ्या ज्युरीने अर्ध्या तासात त्याची सुटका केली.

न्याय मिळाला नाही, पण चक्रे फिरू लागली होती. डिसेंबरमध्ये ट्रुमन यांनी नागरी हक्क समिती नेमली. १९४७ च्या तिच्या अहवालाने जमावहत्येविरुद्ध कायदा आणि सैन्यातील वर्णभेदाचा अंत मागितला. दक्षिणेच्या सिनेटरांच्या अडवणुकीमुळे असा केंद्रीय कायदा व्हायला २०२२ साल उजाडले. सैन्याबाबत मात्र काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, मंजुरीची गरज नव्हती. कामगारनेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी सक्तीच्या लष्करभरतीवर बहिष्काराचा इशारा दिला आणि २६ जुलै १९४८ रोजी ट्रुमन यांनी सैन्यात समान वागणुकीचा आदेश काढला. हिंसेने संताप पेटवला, पण त्याला दिशा दिली ती अशा संघटित दबावाने.

शलच्या खटल्याचे न्यायाधीश वेटीज वेअरिंग हे चार्ल्सटनच्या जुन्या घराण्यातले. त्या निकालाने ते अंतर्बाह्य बदलले. १९४७ मध्ये त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुका कृष्णवर्णीयांना खुल्या केल्या, तेव्हा गोऱ्या चार्ल्सटनने त्यांना वाळीत टाकले. शाळांमधील वर्णभेदाविरुद्धच्या १९५१ च्या ब्रिग्ज खटल्यात सहन्यायाधीशांच्या विरोधात जाऊन त्यांनी वेगळ्या शाळा म्हणजेच विषमता, असे मत नोंदवले. तीन वर्षांनी ब्राउन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमुखाने तीच भूमिका घेतली. ब्रिग्ज हा त्यात सामावलेल्या खटल्यांपैकीच एक होता.