पैमाष आणि जमाबंदी यांची फारकत

भूमीचे मापन आणि भूमीची व्यवस्था हे दोन विषय एकाच पदव्युत्तर अभ्यासक्रमात गुंफण्याची रीत अलीकडच्या काळात देशोदेशींच्या विद्यापीठांतून रूढ झाली आहे; आणि उपग्रहाने टिपलेल्या प्रतिमेचे वाचन करणारा विद्यार्थीच हक्कनोंदीचा कायदा, धारणाधिकार आणि सारा-आकारणी यांचाही अभ्यास करतो हे पाहून, काही तरी अपूर्व असे शास्त्र जन्मास आले आहे, असा समज सुशिक्षितांतही पसरलेला दिसतो. जुनी दफ्तरे मात्र निराळी साक्ष देतात. या दोन विद्या आपल्या मुलकी कारभारात एकाच घरी नांदत होत्या. त्यांची फारकत झाली ती एकोणिसाव्या शतकात, आणि गमतीची गोष्ट अशी की, ज्या सरकारने दोहोंनाही पूर्वी कधी नव्हती इतकी प्रतिष्ठा दिली, त्याच सरकारच्या हातून ती झाली.

अकबराच्या दरबारी तोडरमलाने सणाची दोरी टाकून देऊन लोखंडी कड्यांनी सांधलेली बांबूची जरीब मोजणीसाठी चालू केली, ती काही भूमितीच्या प्रेमाने नव्हे. दोरी ओलीने आखडते, आखडलेल्या दोरीने शेत मोजले म्हणजे ते कागदावर वाढते, आणि वाढलेल्या बिघ्यांचा सारा शेवटी कुणब्याच्या बोडक्यावर बसतो, हे त्याला ठाऊक होते. मोजणीच्या साधनातला दोष हा न्यायातला दोष असतो, एवढी जाणीव त्या एका फेरबदलात आहे. दक्षिणेत मलिक अंबराने निजामशाहीत जी जमाबंदी बसविली आणि पुढे शिवछत्रपतींच्या राज्यात अण्णाजी दत्तोंनी जी पाहणी केली, तिच्यातही हाच मेळ दिसतो. सभासदाने आपल्या बखरीत पाच हात आणि पाच मुठींची काठी, वीस काठ्या औरसचौरस म्हणजे एक बिघा आणि एकशे वीस बिघ्यांचा एक चावर, असे मापांचे कोष्टक सांगितले आहे. परंतु तेवढ्यावर न थांबता, पिकाच्या पाच वाट्यांपैकी तीन रयतेस व दोन सरकारास, आणि नव्याने वसणाऱ्या रयतेस गुरेढोरे व बियाण्यासाठी दाणा-पैका देऊन तो दोनचार वर्षांत सोईने उगवून घ्यावा, हेही त्याने त्याच ओघात नमूद केले आहे. ज्या लेखकाला काठीची लांबी सांगताना बियाण्याची आठवण होते, त्याच्या मनात पैमाष आणि जमाबंदी ही दोन खाती नव्हती, हे उघड आहे.

कंपनी सरकारचा अंमल बसू लागला तेव्हा भूमापनाची विद्या युरोपातून नव्या तेजाने आली. मायकेल टॉपिंग याने १७९४ साली मद्रासेस मुलांना मोजणी शिकविण्याची जी शाळा उघडली, तिचेच पुढे गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात रूपांतर झाले. १८०२ साली मद्रासेजवळच आधाररेषा मोजून लॅम्टनने त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला प्रारंभ केला, आणि दक्षिणोत्तर चाललेल्या त्या त्रिकोणांच्या माळेने पृथ्वीच्या आकाराविषयीचे प्रश्न सोडविण्याची उमेद बाळगली. हा मनुष्य नागपूरच्या वाटेवर असता १८२३ च्या जानेवारीत हिंगणघाट येथे वारला, आणि त्याची समाधी आजही वर्धा जिल्ह्याच्या त्या गावी आहे. पुढे एव्हरेस्टच्या हाताखाली राधानाथ शिकदारासारखा हिंदू कॉलेजात शिकलेला बंगाली गणिती या कामात चमकला. हे सारे वैभव खरेच होते. पण त्या त्रिकोणांच्या शिरोबिंदूंखाली कोणाचे शेत आहे आणि त्याची धारा किती, हा प्रश्न त्या शास्त्राने आपल्या कक्षेबाहेर ठेवला होता. तो प्रश्न प्रांतोप्रांतीच्या मुलकी मोजणीकडे गेला, आणि तेथेच फारकतीचा पहिला कागद लिहिला गेला असे मी मानतो.

मुंबई इलाख्यात या मुलकी मोजणीचा जो पहिला मोठा प्रयोग झाला, तो शिकलेल्या माणसाचा होता आणि म्हणूनच तो फसला असे म्हणावेसे वाटते. आर. के. प्रिंगल हा हेलीबरीच्या ज्या विद्यालयातून आला, तेथे मालथस अर्थशास्त्र शिकवीत असे. जमिनीचा खंड म्हणजे उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा जाता उरणारा निव्वळ शेष, हा रिकार्डोचा सिद्धान्त प्रमाण मानून, पुणे प्रांतातील शेतांच्या एकेका प्रतीचा असा निव्वळ शेष काढण्याचा घाट त्याने १८२० च्या दशकात घातला. कोष्टके देखणी झाली. परंतु ती भरणारे हाताखालचे लोक कोठे अज्ञानी तर कोठे लाचखाऊ निघाले, मोजणीत चुका राहिल्या, उत्पन्नाचे आकडे अनुमानाने लिहिले गेले, आणि धारे इतके जबर बसले की इंदापुरासारख्या कोरडवाहू तालुक्यात रयत शेते पडीक टाकून निघून जाऊ लागली. पोथीतला सिद्धान्त खोटा नव्हता. त्याला लागणारी माहिती माळावर मिळत नव्हती, एवढेच.

इंदापूरचा हा विस्कोट निस्तरण्यासाठी १८३५ साली जी जोडी नेमली गेली, ती मला या सगळ्या इतिहासातील सर्वांत बोधक वाटते. गोल्डस्मिड हा मुलकी खात्यातला, तर विंगेट लष्करी इंजिनिअरांतला लेफ्टनंट. एक जमाबंदी जाणणारा आणि दुसरा मोजणी जाणणारा. दोघांनी मिळून निव्वळ शेषाचा नाद सोडला. मागील सालांचा वसूल, पाऊसपाणी, बाजारपेठ जवळ की दूर, रयतेची एकंदर हालत, यांचा विचार करून गावांच्या गटावर एकंदर आकार किती सोसेल हे आधी ठरवायचे, आणि मग तो आकार प्रतबंदीच्या प्रमाणात शेताशेतावर वाटायचा, अशी उलटी पण शहाणी रीत त्यांनी घातली. शेताचा सर्व्हे नंबर किती मोठा करावा याचे उत्तरही त्यांनी भूमितीत शोधले नाही, बैलांच्या जोडीत शोधले : एका जोडीने हलक्या जिरायतीचे वीस एकर, मध्यम जमिनीचे पंधरा, भारीचे बारा आणि भातखाचराचे चार एकर वाहून होतात, तेवढे क्षेत्र म्हणजे एक नंबर. प्रतबंदीसाठी मातीचा रंग आणि खोली पाहायची, खोल काळी जमीन सोळा आणे धरायची, आणि चुनखड, रेव, उतार, पाणथळपणा असा एकेक दोष निघेल तसतशी तिची प्रत उतरवायची. डेव्हिडसन यासह त्यांनी १८४७ साली सादर केलेला संयुक्त अहवाल पुढे मुंबई इलाख्याच्या जमाबंदीचा पायाच ठरला, आणि तीस वर्षांच्या मुदतीची पद्धत त्यातूनच रूढ झाली.

या पद्धतीचे गोडवे गाताना तिचा काळा भाग लपविण्याचे कारण नाही. तीस वर्षांनी, १८६७ साली, इंदापुराची फेरआकारणी झाली तेव्हा अमेरिकेतील यादवी युद्धामुळे चढलेल्या कापसाच्या भावांचा कैफ अजून उतरला नव्हता. आकार वाढले, भाव कोसळले, आणि १८७५ च्या शेतकऱ्यांच्या दंग्यात सुप्याच्या बाजारी सावकारांच्या वह्या जळाल्या. सावकारी हे त्याचे मुख्य कारण असले तरी आकारणीकडे सर्वस्वी कानाडोळा करता येत नाही.

मोजणीचे तंत्र म्हणाल तर ते इतके साधे होते की आजच्या विद्यार्थ्याला त्याचा अचंबा वाटावा. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. साखळी औरसचौरस म्हणजे एक गुंठा. आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर. सतराव्या शतकातील इंग्रज गणिती गंटर याच्या सहासष्ट फुटी साखळीची ही अर्धी लेक आपल्याकडे आण्यांत विभागली गेली आणि रयतेच्या तोंडी बसली. काटकोन घेण्यासाठी शंकू, अंतरासाठी साखळी, आणि शेताची आकृती व मापे लिहिण्यासाठी टिपण. टिपणावरून क्षेत्र निघे, क्षेत्र व प्रत यांवरून आकार निघे, आकार आकारबंदात चढे, आणि गावचा नकाशा या सगळ्या शेतांचा संसार एका कागदावर मांडी. हे शिकविणारे विद्यालय कोठेही नव्हते. मोजणीच्या छावणीत जुन्या कारकुनाच्या हाताखाली वर्ष दोन वर्षे बिनपगारी उमेदवारी करायची, साखळी ओढायची, टिपणे नकलून काढायची, आणि साहेब फेरतपासणीला आला म्हणजे त्याच्या शिव्या खायच्या, हाच त्या काळचा अभ्यासक्रम.

उलट जेथे विद्यालये निघाली, तेथे हा विषय शिरला नाही. रुडकी १८४७ साली आणि पुण्याची इंजिनिअरिंग क्लास व मेकॅनिकल स्कूल ही संस्था १८५४ साली उघडली. सर्वेक्षण दोन्हीकडे शिकविले जाई, परंतु ते सडका, कालवे, पूल आणि इमारती यांच्यासाठी. पदवीधर इंजिनिअरला थिओडोलाइट चालविता येई, पण सात-बाराचा उतारा त्याला परका. आणि मोजणी कारकुनाला बांधाबांधाची कुळकथा पाठ असे, पण अक्षांश-रेखांशाशी त्याचा संबंध येत नसे. गावनकाशा हा पुष्कळदा आपल्या शिवेपुरता पुरा असे. लॅम्टनच्या त्रिकोणांशी त्याचे नाते जुळविण्याची त्या वेळी कोणाला निकड भासली नाही. हा निष्काळजीपणा नव्हे, श्रमविभाग होता. मात्र त्याची किंमत पुढील पिढ्यांना मोजावी लागली.

फारकतीच्या या काळात दोन्ही घरी जाऊन बसणारा एक मनुष्य पुण्यात होऊन गेला, आणि तो होता रसायनशास्त्रज्ञ! पुण्याच्या शेतकी कॉलेजचा प्राचार्य हॅरल्ड मान याने पवनेकाठच्या पिंपळे सौदागर या गावची माती, पाणी, पिके, कर्ज आणि जमीनधारणा यांचा शोध घेऊन १९१७ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो भूव्यवस्थापनावरील पदव्युत्तर प्रबंध कसा असावा याचा मला आजही नमुना वाटतो. पेशवाईतील जुने कागद आणि इंग्रजी दफ्तर शेजारी ठेवून त्याने दाखविले की, १७७१ साली त्या गावी सरासरी धारणा चाळीस एकरांची होती, ती १९१५ पर्यंत सात एकरांवर आली. शेतांचे तुकडे पडत आहेत हे सर्वांना दिसत होते, पण किती आणि कधीपासून, हे सांगायला नकाशा, खातेवही आणि माती या तिन्हींचे वाचन एकाच माणसाला यावे लागले. मुंबई राज्याने १९४७ साली तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा केला त्यामागे अशा संशोधनाची पार्श्वभूमी होती. आज त्या पिंपळे सौदागरात शेत उरलेले नाही. तेथे पिंपरी-चिंचवडच्या बहुमजली इमारती उभ्या आहेत.

पदव्युत्तर शिक्षणाचा नवा प्रवाह आला तो हॉलंडातून. दुसरे महायुद्ध संपताच त्या देशाचा पंतप्रधान झालेला स्केर्मरहॉर्न हा मूळचा भूमापनाचा प्राध्यापक. सत्ता सोडल्यावर त्याने १९५० साली डेल्फ्ट येथे हवाई छायाचित्रांवरून नकाशे करण्याचे शिक्षण देणारी संस्था स्थापन केली, आणि ती मुख्यतः नव्याने स्वतंत्र होणाऱ्या देशांतील विद्यार्थ्यांसाठी. पंतप्रधानपद भूषविलेल्या माणसाने पुढील कित्येक वर्षे मोजणीच्या शिक्षणाला दिली, ही गोष्ट आपल्या पुढाऱ्यांनी मनन करण्यासारखी आहे. १९५७ साली पंडित नेहरू हॉलंडास गेले असता त्यांच्या मनात अशा संस्थेची कल्पना आली, आणि डचांच्या साहाय्याने १९६६ साली देहरादूनला भारतीय छायाचित्र-वाचन संस्था उघडली. पुढे तिचे नाव बदलून ती सुदूर संवेदनाची संस्था झाली. १९७६ साली पवईच्या आय.आय.टी.त साधनसंपत्तीच्या अभ्यासाचे केंद्र निघाले. १९८८ च्या मार्चमध्ये आपला पहिला सुदूर संवेदन उपग्रह आकाशात गेला, आणि डोंगर, वने, पिके यांचे वाचन परक्यांच्या प्रतिमांवरून करण्याची गरज पुष्कळशी सरली.

एवढे झाले तरी सात-बारा मात्र बाहेरच राहिला होता. डचांची संस्था एन्स्केडे येथे हलल्यावर तिने हक्कनोंद आणि भूप्रशासन हे विषय प्रतिमावाचनाच्या पंक्तीस बसविले. आपल्याकडे ती बुद्धी अनुभवाने आली. गावठाणातील घरांना सात-बारा नसतो, म्हणून पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला, आणि २०२० साली स्वामित्व योजनेने तीच रीत देशभर नेली. त्यापुढच्याच वर्षी केंद्र सरकारने नकाशांवरील जुने निर्बंध सैल केले. स्वतःच्या देशाचा नकाशा गुपित मानण्याचा तो रिवाज इतकी वर्षे कसा टिकला, याचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे. परंतु जुना गावनकाशा उपग्रहाच्या प्रतिमेवर बसवू जावे तो शीव शिवेला लागत नाही, कोठे पट्टी मोकळी राहते तर कोठे एका गावचे शेत दुसऱ्या गावात शिरते. आणि तेव्हा रोव्हर हे मोजणीचे यंत्र घेऊन आलेल्या तरुणाला उमगते की, चूक यंत्राची नाही, तिचे मूळ दोन विद्यांच्या विभक्त संसारात आहे.

हद्द कायम करण्याची मोजणी आजही शेवटी त्या मूळ टिपणाशी जुळवून पाहावी लागते, आणि दोन भाऊबंदांच्या बांधाचा निकाल त्या पिवळ्या कागदावरच्या साखळी-आण्यांवर लागतो. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, भूस्थानिक विज्ञानाचा जो अभ्यासक्रम आपल्या विद्यार्थ्याला एक सबंध हंगाम तालुक्याच्या भूमी अभिलेख कचेरीत बसवीत नाही, टिपण, आकारबंद आणि फेरफार त्याच्याकडून वाचून घेत नाही, आणि भूकरमापकाबरोबर त्याला बांधावर उभा करीत नाही, त्याने दिलेली पदवी महाराष्ट्रात तरी अपुरी समजावी.