सावकारी पाश : शंभर वर्षांपूर्वीचा एक मूकपट आणि आमच्या घरातली उचल

गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा वडिलांना मोबाईलवर एक जुना सिनेमा लावून दिला. शेतकरी, कर्ज, सावकार, जमिनीचा लिलाव, असा. मला वाटलं, आवडेल. पंधरा-वीस मिनिटं त्यांनी बघितला आणि म्हणाले, "बंद कर ते. आपलंच हाय की." मग दक्षिणेकडचा मारामारीचा सिनेमा लावायला सांगितला आणि तो शेवटपर्यंत बघितला.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, धारूरच्या बाजूला. माझे आईवडील ऊसतोड करायचे. दसरा झाला की मुकादमाची गाडी यायची आणि अख्खी वस्ती भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्यांसकट निघायची. आमचा कारखाना बहुतेक वर्षं कोल्हापूरकडचा. कोल्हापूरचं नाव मुद्दाम घेतोय, कारण ज्या सिनेमाबद्दल सांगायचंय तो तिथलाच. वडिलांना मोबाईल दिला त्या आठवड्यात मी त्याच्याविषयीच वाचत होतो. सिनेमाचं नाव 'सावकारी पाश'. साल १९२५. इंग्रजी जाहिरातीत नाव 'इंडियन शायलॉक'.

आधी लेखकाच्या नावाचा घोळ मिटवू, मी स्वतः त्यात दोन दिवस अडकलो होतो. हरी नारायण आपटे वेगळे आणि नारायण हरी आपटे वेगळे. पहिल्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवरून बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये 'सिंहगड' काढला. तो तुफान चालला. दुसरे आपटे वयाने पंचवीस वर्षांनी लहान, साताऱ्याकडच्या कोरेगावात राहणारे. कुटुंबातले आणि समाजातले प्रश्न घेऊन कादंबऱ्या लिहायचे आणि त्यांना वाचक मोठा होता. पुढे प्रभातच्या 'कुंकू'ची गोष्टही त्यांचीच, 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीतली. 'सावकारी पाश' या दुसऱ्या आपट्यांच्या कादंबरीवर बेतलेला.

गोष्ट सांगायला दोन वाक्यं पुरतात. तरुण शेतकऱ्याची जमीन सावकार गिळतो. शेतकरी शहरात जातो आणि गिरणी कामगार होतो. शेतकरी झाले होते व्ही. शांताराम, तेव्हा जेमतेम चोवीस वर्षांचे. सावकार झुंझारराव पवार. सोबत कमलादेवी, म्हणजे गुलाबबाई. 'सैरंध्री'त पडद्यावर आल्या म्हणून समाजाने ज्यांना वाळीत टाकल्यासारखं वागवलं, त्या दोन बायकांपैकी एक.

आता बाबूराव पेंटर. मूळ आडनाव मेस्त्री, जन्म १८९०, नाटकांचे पडदे रंगवणारं घर. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात चार वर्षांत कुणी त्यांचं नाव घेतलं नाही, घ्यायला हवं होतं. भाऊ आनंदरावांबरोबर त्यांनी सिनेमाचं यंत्र समजून घ्यायला सुरुवात केली. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून कोल्हापुरातच कॅमेरा तयार केला. आम्ही आता एखादं सॉफ्टवेअर उलगडून बघतो आणि त्याला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणून सीव्हीत लिहितो. इथे फिल्मची पट्टी ठरलेल्या वेगाने, न थरथरता सरकवणारे दाते स्वतः घडवायचे होते, आणि विचारायला जवळ कुणी नव्हतं. त्या कॅमेऱ्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. भांडवल घालणाऱ्यांत गायिका तानीबाई कागलकर होत्या. कंपनी जिथे होती तिथे, खरी कॉर्नरला, आज कॅमेरा स्तंभ आहे.

तर पौराणिक आणि ऐतिहासिक सिनेमांवर नाव आणि पैसा कमावलेला हा माणूस १९२५ मध्ये अचानक वर्तमानकाळात येतो. मुकुट नाहीत, तलवारी नाहीत. नटांना हातवारे कमी करायला लावतो. या सिनेमातलं एक दृश्य अभ्यासक पुन्हा पुन्हा सांगतात: काळोखात बुडालेली एक भकास झोपडी आणि रडणारं कुत्रं. सिनेमा मुका, म्हणजे कुत्र्याचा आवाज नाहीच. 

आणि सिनेमा पडला. बाबूराव पुन्हा पोशाखी सिनेमांकडे वळले.

पडण्याचं कारण सगळीकडे एकच दिलं जातं: पौराणिकाला चटावलेल्या प्रेक्षकांना एवढं कडक वास्तव पचलं नाही. मला हे पटत नाही. 'पचलं नाही' या शब्दात प्रेक्षकाला अजून समज आली नव्हती, असं गृहीत धरलेलं आहे. पण तेव्हाच्या तंबूत आणि थिएटरात पुढच्या, स्वस्त जागांवर कोण बसायचं? मजूर, गिरणी कामगार, बाजाराला आलेले शेतकरी. नारायण हरी आपट्यांची कादंबरी वाचणारा माणूस वेगळा होता. त्याला शेतकऱ्याचं कर्ज ही पुस्तकातून कळणारी गोष्ट होती, म्हणून ती वाचवत होती. पुढे बसलेल्याला ती दोन आणे देऊन कशाला बघायची? माझ्या वडिलांनी मोबाईल परत दिला तेव्हा त्यांना काही पचलं नव्हतं असं नाही. त्यांना ते पाठ होतं.

अजून एक गोष्ट. मूकपटात संवाद पाट्यांवर लिहिलेले असत. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी कुणीतरी त्या मोठ्याने वाचून दाखवी. आता या सिनेमाचा विचार करा. पडद्यावर कर्जाचा कागद आहे, शेतकऱ्याला तो वाचता येत नाही, सावकार सांगेल ते खरं धरून तो अंगठा उठवतो. हे बघायला बसलेल्यालाही पाटी वाचता येत नाही, शेजारचा सांगेल ते तो ऐकतो. आमच्याकडे हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एका कोयत्याला उचल आता लाखाच्या घरात गेली आहे. किती टन झाले, किती खाडे पडले, किती कापले, ते सगळं वहीत. उचल फिटली नाही की अंगावर बाकी राहते, आणि बाकी राहिली की पुढच्या हंगामाला त्याच मुकादमाकडे जावं लागतं. आईला वाचता येत नव्हतं. पाचवीत असताना मी तिला पहिल्यांदा ती वही वाचून दाखवली, तर मुकादमापेक्षा तीच माझ्यावर जास्त चिडली. पोराने मध्ये बोलल्याचं तिला भ्याव वाटलं.

कोल्हापूरच्या शेजारी इंग्रजी मुलखात या विषयाला मोठा इतिहास होता. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. त्यांना कर्जाचे कागद हवे होते, ते ताब्यात घेऊन जाळले. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. १८७९ मध्ये सरकारने 'डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट' केला, तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांसाठी. नगरच्या हद्दीला लागून बीड, पण आम्ही निजामाच्या राज्यात. कायदा हद्दीवर थांबला. कोरेगावात बसून लिहिणाऱ्या आपट्यांच्या मागे निदान पन्नास वर्षांची ही सगळी चर्चा होती. त्याच वर्षांत आमच्या पणजोबांच्या मागे काय होतं, याचा कागद आमच्या घरात नाही. जमीन नाही, एवढंच आहे.

बाबूरावांनी हा विषय सोडला नाही, याचं मला खरं कौतुक आहे. बोलपट आल्यावर, १९३६ मध्ये, त्यांनी 'सावकारी पाश' पुन्हा काढला, कोल्हापूरच्याच शालिनी सिनेटोनसाठी. एकदा पडलेला सिनेमा अकरा वर्षांनी परत करणं हे हट्टाचंच काम. 'हंटरवाली'वाल्या वाडिया मूव्हीटोनचे जे. बी. एच. वाडिया यांना मूकपट अंधुकच आठवत होता, पण हा बोलपट बघून आपल्याला त्या कामाची उंची कळली, असं त्यांनी नोंदवून ठेवलं आहे. आणि १९५३ मध्ये बिमल रॉय यांचा 'दो बीघा ज़मीन' आला. कर्जात सापडलेला शेतकरी शहरात जाऊन रिक्षा ओढतो. त्याला कानमध्ये पारितोषिक मिळालं, इटलीच्या सिनेमाचा परिणाम म्हणून त्याच्यावर लेख लिहिले गेले. तो परिणाम होताच, नाकारायचं कारण नाही. पण अठ्ठावीस वर्षं आधी कोल्हापुरात हीच वाट कुणीतरी चालून गेलं होतं, हे त्या लेखांत सहसा येत नाही.

येणार कसं? मूकपटाची प्रतच उरलेली नाही. आपल्याकडे तेराशेहून जास्त मूकपट निघाले आणि त्यातले मूठभर शिल्लक आहेत. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, ठिणगी पडली की भडकणारी, उष्ण हवेत कुजणारी. उरलेल्या कित्येक रिळांमधली चांदी काढून विकली गेली. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं १९६४ मध्ये, 'सावकारी पाश'नंतर एकोणचाळीस वर्षांनी. ते पुण्यात लॉ कॉलेज रोडला आहे. माझी कंपनी रोज रात्री दोन वाजता आमच्या सगळ्या डेटाचे तीन ठिकाणी बॅकअप घेते, त्यात कँटीनचा मेनूसुद्धा असतो.

सुट्टी संपायच्या आदल्या रात्री मी वडिलांना ही गोष्ट सांगितली. कोल्हापूर म्हटल्यावर त्यांनी कान दिला. खरी कॉर्नर त्यांना माहीत नव्हतं. एवढ्या वर्षांत कोल्हापूर शहरात ते एकदाच गेले, अंबाबाईला. बाकी फड, कारखान्याचा गेट आणि कोपी. जमीन गेली, शेतकरी शहरात गेला, गिरणीत लागला, इथपर्यंत त्यांनी ऐकून घेतलं.

"गिरणीतबी मुकादम असंल की," ते म्हणाले.

"होता," मी म्हटलं. "त्याला जॉबर म्हणायचे."