लहान मुलांसह नांदेड-लातूरहून थीम पार्कची सहल: गाडीत, उन्हात आणि पाण्यात घ्यायची काळजी

शाळांना सुट्ट्या लागल्या की दवाखान्यात एक वाक्य हमखास ऐकू येते. "डॉक्टर, पोरांना घेऊन वंडरलाला चाललोय, उलटीचं औषध लिहून द्या." औषध लिहून देता येते. पण या सहलीत मुले आजारी पडतात किंवा जखमी होतात ती बहुतेक वेळा ज्या कारणांनी, त्यांवर ते औषध नाही. पालकांना भीती पाळण्यांची आणि उंच घसरगुंड्यांची वाटते. खरा धोका पार्कच्या बाहेर, रस्त्यावर आणि उन्हात असतो.

आपल्या भागातून सर्वाधिक कुटुंबे जातात ती हैदराबादला. रविर्यालचे वंडरला २०१६ साली सुरू झाले आणि ते शहराच्या बाह्यवळण मार्गालगत असल्याने गावात न शिरता पोहोचता येते. रामोजी फिल्म सिटी त्याच्याही आधीपासून, १९९६ पासूनची. नांदेडहून नरसी, देगलूर, संगारेड्डीमार्गे किंवा लातूरहून बिदर, जहिराबादमार्गे हे अंतर अंदाजे पावणेतीनशे ते तीनशे किलोमीटर भरते. खोपोलीचे इमॅजिका लातूरकरांना चारशेच्या पुढे पडते. म्हणजे एका बाजूचा प्रवास किमान पाच-सहा तासांचा, आणि लहान मुले बरोबर असतील तर सात-आठ तासांचा धरावा.

एका दिवसात जाऊन येऊ नका

हा सल्ला सर्वात आधी देतो, कारण बाकीचे बरेच त्रास यातूनच सुरू होतात. लॉजचे पैसे वाचवायचे म्हणून पहाटे दोनला निघायचे, पार्क उघडायच्या वेळेला पोहोचायचे, संध्याकाळी बंद होईपर्यंत खेळायचे आणि लगेच परतीला लागायचे, असा बेत अनेक जण करतात. मध्यरात्र ते पहाट या वेळेत गाडी चालवणाऱ्याला झोप अनावर होते. शरीराचे घड्याळच तसे आहे. चहा पिऊन आणि गाणी लावून ती थोडा वेळच मागे सरकते. दिवसभर उन्हात फिरून आलेल्या माणसाने पुन्हा रात्रभर गाडी चालवणे हे दारू पिऊन चालवण्याच्या जवळचे आहे. ड्रायव्हर भाड्याचा असला तरी त्याने दिवसा गाडीत, त्या उकाड्यात, कितीशी झोप घेतली असेल?

एक रात्र मुक्काम करा. शक्यतो सकाळी उजाडल्यावर निघा, दुपारी पोहोचून आराम करा, दुसऱ्या दिवशी पार्क पाहा. मुलाची झोप पूर्ण झालेली असेल तर उलटी, चिडचिड आणि ताप अंगावर काढण्याचे प्रकार निम्म्याने तरी कमी होतात, असा माझा अनुभव आहे.

गाडीत मूल कुठे बसवायचे

पुढच्या सीटवर, आईच्या किंवा आजोबांच्या मांडीवर, हे उत्तर आपल्याकडे अजूनही ऐकू येते. ताशी ५० किलोमीटर वेगातली गाडी अचानक आदळली तर १० किलोचे मूल क्षणभर सुमारे ३०० किलो वजनाच्या जोराने पुढे फेकले जाते. कोणत्याही आईच्या हातांना ते धरता येत नाही. त्यात एअरबॅग उघडली तर तिच्या आणि मांडीवर घेणाऱ्या माणसाच्या मध्ये मूल चिरडते. १२-१३ वर्षांपर्यंतच्या मुलांची जागा मागच्या सीटवरच आहे.

दीड-दोन वर्षांपर्यंत पाठ गाडीच्या दिशेला येईल अशी बाळाची सीट, त्यानंतर पट्ट्यांची पुढे तोंड असलेली सीट, आणि मूल साधारण १४५ सेंटीमीटर उंचीचे होईपर्यंत बूस्टर. बूस्टर कशाला? त्याशिवाय सीटबेल्टचा वरचा पट्टा मुलाच्या गळ्यावर आणि खालचा पोटावर येतो. धक्क्यात तो पट्टाच इजा करतो. १४ वर्षांपर्यंतच्या मुलाला बेल्ट किंवा बालआसनाविना नेल्यास २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यानुसार १००० रुपये दंड आहे, पण दंडासाठी हे करायचे नाही.

सात सीटच्या गाडीत दहा जण बसवून पोरांना डिकीत गादी टाकून झोपवणे, हा प्रकार तर पूर्ण बंद झाला पाहिजे. मागून ट्रक धडकला तर पहिला मार तिथेच बसतो.

गाडी लागणे

गाडी लागण्याचा त्रास साधारण २ ते १२ वर्षांच्या मुलांत जास्त असतो. दोन वर्षांखाली तो क्वचित दिसतो, त्यामुळे तान्ह्या बाळाला प्रवासात उलट्या होत असतील तर दुसरे कारण शोधावे लागते. होते असे: कानाच्या आत तोल सांभाळणारा अवयव मेंदूला सांगतो की आपण हलतोय, वळतोय. डोळे मात्र मोबाईलवर किंवा समोरच्या सीटच्या पाठीवर खिळलेले असतात आणि ते सांगतात की सगळे स्थिर आहे. या विसंगतीतून मळमळ सुरू होते.

म्हणून पहिले औषध म्हणजे मोबाईल काढून घेणे. मूल शांत राहावे म्हणून त्याच्या हातात कार्टून दिले जाते आणि अर्ध्या तासात ते पांढरे पडते, जांभया देऊ लागते, तोंडाला पाणी सुटते. ही उलटीआधीची लक्षणे आहेत. त्याच वेळी गाडी थांबवून खाली उतरवले तर उलटी टळते. मुलाला मागच्या सीटवर अशा जागी बसवा की समोरच्या काचेतून दूरचा रस्ता दिसेल. गाडीतला सुगंधी डबा काढून टाका, काच थोडी उघडा. निघण्याआधी पोट रिकामे नको आणि तुडुंबही नको. दशमी, धपाट्याचा तुकडा किंवा केळे चालेल. दूध प्यायला लावून लगेच गाडीत बसवू नये. दर दोन तासांनी थांबा.

आता औषधाबद्दल. घरात असते ते उलटीचे नेहमीचे सिरप बहुधा ओन्डॅनसेट्रॉनचे असते. जुलाब-उलट्यांच्या आजारात ते उपयोगी आहे, गाडी लागण्यावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. गाडी लागण्याची औषधे वेगळी (प्रोमेथाझिन, डायमेनहायड्रिनेट वगैरे) आणि ती निघण्यापूर्वी अर्धा ते एक तास आधी द्यावी लागतात. उलटी सुरू झाल्यावर देऊन उपयोग नसतो. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालील मुलाला कधीही देऊ नये, त्याने श्वास मंदावून जीवावर बेतू शकते. मोठ्या मुलांचा डोसही वय आणि वजन पाहून डॉक्टरांनी ठरवायचा असतो, मेडिकलवाल्याने नाही. औषधाने झोप येते, काही मुले उलट चिडचिडी होतात. म्हणून सहलीआधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरी एकदा देऊन पाहा.

खाली उतरून तासाभराने थांबत नसेल, हिरवी उलटी होत असेल, सोबत ताप, जुलाब किंवा पोटात जोराची कळ असेल, तर ती गाडी लागणे नव्हे. डॉक्टरांना दाखवावे.

ओआरएस: पाकीट कोणते आणि पाणी किती

२१ ग्रॅमचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते, ४ ग्रॅमच्या आसपासचे छोटे पाकीट २०० मिलीसाठी. गाडीत मोजमाप नसते म्हणून लोक मोठे पाकीट अर्धे करून पेल्यात टाकतात. असे खारट झालेले पाणी मुलाच्या रक्तातले मीठ धोकादायक पातळीपर्यंत वाढवू शकते. एक लिटरची पाण्याची सीलबंद बाटली घ्या, पाणी न सांडता पूर्ण पाकीट त्यात विरघळवा. हे पाणी २४ तासांत संपवायचे, उरले तर फेकायचे.

मेडिकल आणि धाब्यांवर कागदी डब्यात मिळणारी गोड फळांच्या चवीची पेये ओआरएस म्हणून विकली जात. त्यांत साखर कित्येक पट जास्त असते आणि जुलाब झालेल्या मुलाचे पाणी त्याने आणखी कमी होऊ शकते. हैदराबादच्याच बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध अनेक वर्षे पाठपुरावा केला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरण्यास मनाई केली. तरीही पाकीट घेताना मागे 'डब्ल्यूएचओ' सूत्र लिहिलेले आहे का ते वाचा.

उलटी झाल्यावर दहा मिनिटे थांबा, मग चमच्या-चमच्याने सुरू करा. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलाला ५० ते १०० मिली, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिली. अंगावरचे दूध चालूच ठेवायचे. सहा तास शू झाली नाही, डोळे खोल गेले, रडताना अश्रू नाहीत किंवा मूल सुस्त पडले, तर पार्कचे तिकीट विसरून दवाखाना गाठा.

ताप आला तर

पॅरासिटामॉलचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो: दर किलोला १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार-सहा तासांचे अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. १२ किलोच्या मुलाला एका वेळी १८० मिलिग्रॅम लागतात. सिरपच्या ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असतील तर ते ७.५ मिली होते. ५ मिलीत २५० असतील तर साडेतीन मिली. आणि बाळांच्या थेंबांच्या बाटलीत १ मिलीत १०० असतात, तिथे फक्त १.८ मिली. तिन्ही बाटल्या सारख्याच दिसतात. निघण्यापूर्वी तुमच्या बाटलीवरचा आकडा बघून मुलाचा डोस डॉक्टरांकडून त्याच बाटलीवर लिहून घ्या. तीन महिन्यांखालील बाळाला ताप आला तर घरी औषध देत बसू नका, थेट रुग्णालयात न्या.

ऊन आणि बंद गाडी

एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात आणि तेलंगणात पारा चाळिशी पार करतो. उन्हात बंद केलेल्या गाडीतले तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे १० अंशांनी चढते, आणि लहान मुलाचे अंग मोठ्यांपेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापते. मूल झोपलेय, पाच मिनिटांत टोल भरून येतो किंवा चहा घेऊन येतो, असे म्हणून त्याला गाडीत ठेवू नका.

पार्कमध्ये दुपारी बारा ते चार सावलीत किंवा आतल्या खेळांत घालवा. तहान लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाला पाणी पाजा. अंग भट्टीसारखे तापले आणि मूल बरळू लागले, झटके आले किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात आहे. कपडे काढा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नका. इथे तापाच्या औषधाचा उपयोग होत नाही.

पाण्यातले खेळ

बुडणारे मूल ओरडत नाही. गुडघाभर पाण्यातही ते गुपचूप बुडते, शेजारी दहा माणसे असताना. पाच वर्षांखालील मूल पाण्यात असेल तर एक मोठा माणूस हाताच्या अंतरावर हवा आणि त्याच्या हातात मोबाईल नको. जीवरक्षक आहे म्हणून आपण निश्चिंत व्हायचे नाही. हवा भरलेल्या रिंगा खेळणे आहे, संरक्षण नव्हे. बाहेर काढलेले मूल श्वास घेत नसेल तर उलटे टांगू नका, पोट दाबू नका. तोंडाने श्वास आणि छातीवर दाब लगेच सुरू करा. पाणी नाकातोंडात गेल्यानंतर काही तासांत खोकला, धाप किंवा सुस्ती आली तर रुग्णालयात दाखवा.

जुलाब चालू असलेल्या मुलाला पाण्यात उतरवू नका. पाळण्यांसाठी उंचीची पट्टी असते, मुलाला टाचा उंचावायला लावून त्यात बसवू नका. गरोदर आईने झटके देणारे खेळ टाळावेत, पहिल्या महिन्यांतसुद्धा.

कोणी आधी डॉक्टरांना विचारावे

दमा असलेल्या मुलाचा पंप आणि स्पेसर हातातल्या पिशवीत हवा, डिकीतल्या बॅगेत नको. फिट्सचा आजार असेल तर जागरण आणि चुकलेली गोळी या दोन गोष्टी झटका ओढवून आणतात. किनवट-माहूर भागातल्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल आढळतो. त्या मुलांना शरीरातले पाणी कमी होणे आणि गार पाण्यात फार वेळ भिजणे, दोन्हींनी तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो.

खाण्याबाबत एकच गोष्ट सांगतो, कारण ती आपल्याकडची आहे. चालत्या गाडीत चार-पाच वर्षांखालील मुलाला शेंगदाणे आणि फुटाणे देऊ नका. गाडी खड्ड्यात आदळते, दाणा श्वासनलिकेत जातो. मूल गुदमरले, आवाज निघेना, तर गाडी थांबवून त्याला पुढे वाकवा आणि दोन खांद्यांच्या मधोमध पाच थापा मारा. एक वर्षावरील मुलाला त्यानंतर पोटावर, बेंबीच्या वर, पाच वेळा आत-वर दाब द्या. बाळाला छातीच्या मध्यावर दोन बोटांनी. दिसत नसताना घशात बोट घालू नका. दाणा गेल्यानंतर मूल शांत झाले पण खोकला किंवा शिट्टीसारखा आवाज राहिला, तर दाणा आतच आहे असे समजून त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या.

वाटेत मदत कुठे

१०८ क्रमांक महाराष्ट्रात, कर्नाटकात आणि तेलंगणात तिन्हीकडे चालतो. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ लावता येतो. नांदेडच्या वाटेवर देगलूरला उपजिल्हा रुग्णालय आहे आणि संगारेड्डीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. लातूरच्या वाटेवर बिदरला. हैदराबादेत लहान मुलांसाठीचे मोठे सरकारी रुग्णालय म्हणजे निलोफर. मुलाचे वजन, चालू औषधे आणि कशाची ॲलर्जी असेल तर ती, एका कागदावर लिहून गाडीत ठेवा. तेलुगू किंवा कन्नड येत नसले तरी तो कागद तिथल्या डॉक्टरांना वाचता येईल अशा इंग्रजीत लिहिलेला असावा.