शिशाच्या पडद्यापूर्वीचे हात

सन १८९५ च्या नोव्हेंबरात वुर्त्सबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांस क्ष-किरणांचा शोध लागला आणि वर्षभरातच युरोप-अमेरिकेतील इस्पितळांत त्यांचा अंमल सुरू झाला. परंतु जे किरण डोळ्यांस दिसत नाहीत आणि त्वचेस जाणवत नाहीत, ते अपाय करतील अशी शंका त्या उत्साहाच्या भरात फार थोड्यांस आली. क्ष-किरण नळीतून येणारे किरण पुरेसे प्रखर आहेत की नाहीत, हे पाहण्याची त्या काळची रूढ रीत म्हणजे चालकाने आपलाच हात नळी आणि चकाकणारा पडदा यांच्यामध्ये धरून अस्थींची छाया न्याहाळणे. रुग्ण एकदा येऊन जाई; चालकाचा हात मात्र रोजच तेथे असे. प्रथम त्वचा लाल होई, मग नखे ठिसूळ होत, भेगा पडत, न भरणारी क्षते उमटत आणि कालांतराने त्यांतूनच कर्करोग उद्भवे. एडिसनचे साहाय्यक क्लॅरेन्स डॅली यांचे हात कापावे लागले, तरीही १९०४ साली ते निवर्तले. फिलाडेल्फियाचे डॉक्टर मिहरान कॅसाबियन यांनी तर आपल्या झिजत चाललेल्या हातांची छायाचित्रे काढून ठेवली. वैद्यकाच्या दफ्तरात इतका निःस्वार्थ पुरावा क्वचितच सापडेल. १९३६ साली हाम्बुर्ग येथे अशा हुतात्म्यांचे स्मारक उभारले गेले, तेव्हा त्यावर १६९ नावे होती.

वस्तुतः बोस्टनचे दंतवैद्य विल्यम रोलिन्स यांनी १९०१ सालीच गिनीपिगांवर प्रयोग करून हे किरण प्राणघातक ठरू शकतात हे दाखविले होते. नळीस शिशाचे आवरण असावे, आणि रुग्णाचा तपासावयाचा भाग तेवढा उघडा ठेवून बाकीचे शरीर झाकावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांचे कोणी ऐकले नाही. पुढे १९२५ साली भौतिकशास्त्रज्ञ मट्शेलर यांनी त्वचा लाल करणाऱ्या मात्रेचा शंभरावा हिस्सा ही कर्मचाऱ्याची एका महिन्याची मर्यादा सुचविली आणि १९२८ साली स्टॉकहोमच्या परिषदेत संरक्षणाची आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. ही सारी तजवीज मुख्यतः कर्मचाऱ्यासाठी होती. रुग्णाची पाळी फार उशिरा आली: गरोदरपणी मातेच्या पोटाचे क्ष-किरण चित्र घेतले असता बालकास कर्करोगाचा संभव वाढतो, हे डॉक्टर ॲलिस स्ट्यूअर्ट यांनी इंग्लंडात १९५६ ते १९५८ या काळात मांडले आणि तेही मान्य होण्यास पुष्कळ वर्षे लागली. रोलिन्स यांची सूचना वेळीच मानली गेली असती, तर हा विलंब टळला असता असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून क्ष-किरण कक्षात पाऊल टाकण्यापूर्वी, गर्भ राहिल्याची शंका असल्यास, प्रत्येक स्त्रीने ते निःसंकोचपणे सांगावे; आणि तंत्रज्ञाने ते विचारल्यावाचून कळ दाबू नये.