शेर की शीर?

ईदच्या आधी शिरूरच्या वर्गात फळ्यावर उर्दूत 'शीरखुर्मा' लिहिलं. एका मुलानं वाचलं, 'शेरखुर्मा'! सगळे हसले, पण चूक त्याची नव्हती. फारसीत शेर म्हणजे सिंह, शीर म्हणजे दूध. लिहायचे मात्र दोन्ही शीन, ये, रे असेच. आजच्या इराणात दोन्हींचा उच्चारही 'शीर'च होतो. उर्दूनं जुना 'शेर' जपला आणि त्यात वाघही सामावून घेतला; 'शेर-ए-म्हैसूर' टिपू सुलतानांचं चिन्ह वाघच होतं. तेराव्या शतकात मौलाना रूमींनी 'मसनवी'त याच शब्दांवरून समजावलं, की सारखं दिसतं ते सारखं असतंच असं नाही. शिरूर-दौंड एसटीत टोपी पाहून आम्हाला वाचणाऱ्यांना हे लागू आहे. टिळा पाहून वाचणाऱ्या आपल्यालाही.