सँडब्लास्टिंग : वाळूऐवजी काय वापरावे आणि नोझलपासून शिरस्त्राणापर्यंत काय पाहावे

पेनगंगा आणि गोदावरी या दोन नद्यांमधल्या मुलखात वाळूची वानवा कधीच नव्हती. त्यामुळे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा गंज उतरवायचा असो, जिनिंग यंत्राचे जुने भाग स्वच्छ करायचे असोत किंवा पाण्याचा टँकर नव्याने रंगवायचा असो, कॉम्प्रेसरच्या हवेने नदीचीच वाळू मारावी हा विचार आदिलाबादमधील फॅब्रिकेशनच्या कोणत्याही दुकानात सहज सुचण्यासारखा आहे. वाळू चाळून, वाळवून घेतली की लोखंड लखलखीत होतेही. तरीही ती वापरू नये. या कामाच्या नावातच ‘सँड’ आहे आणि नेमकी तीच वस्तू त्यात निषिद्ध मानली जाते. भाषेत असे अनेकदा घडते. वस्तू निघून जाते आणि नाव मागे राहते.

अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या बेंजामिन टिल्घमन यांनी १८७० मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले, तेव्हा वाळू हेच मुख्य साधन होते. वाळूचा कण वेगाने लोखंडावर आपटला की फुटतो. नदीची वाळू मुख्यतः क्वार्ट्‌झची, म्हणजे स्फटिकरूप सिलिकाची असते. फुटलेल्या कणांपैकी चार-पाच मायक्रॉनहून बारीक असलेले कण डोळ्यांना दिसत नाहीत, नाकात अडत नाहीत आणि थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. तेथे व्रण होतात, फुप्फुस घट्ट होत जाते. हाच सिलिकोसिस. तो बरा करणारे औषध नाही. धूळ फार असेल तर पाच-दहा वर्षांत, अतिशय दाट असेल तर काही महिन्यांतही तो माणसाला गाठतो. सिलिकोसिस झालेल्यांना क्षयाचा धोकाही अधिक असतो. छातीच्या क्ष-किरण चित्रात दोन्हींची गल्लत होऊ शकते, म्हणून असे काम करणाऱ्याने डॉक्टरांकडे गेल्यावर आपला व्यवसाय न विसरता सांगावा.

ब्रिटनने ओतीव वस्तूंच्या ब्लास्टिंगमध्ये वाळू वापरण्यास १९४९ च्या नियमांनी बंदी घातली. तुर्कस्तानात जीन्सच्या कापडाला जुनाट रूप देण्यासाठी वाळू मारली जात असे. तेथील तरुण कामगार एकामागून एक सिलिकोसिसने आजारी पडू लागल्यावर २००९ मध्ये तिथेही बंदी आली. आपल्याकडे कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ८७ मध्ये धोकादायक कामांची तरतूद होती. त्या कलमाखालच्या आदर्श नियमावलीत, मुक्त सिलिका असलेला कोणताही पदार्थ ब्लास्टिंगच्या यंत्रात घालू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. मेख अशी की विजेवर चालणाऱ्या, पण दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानाला तो कायदा सहसा लागू होत नसे, आणि आपल्याकडे असे काम बहुधा अशाच दुकानांत होते. तिथे कायद्याऐवजी मालकाच्या समजुतीवरच भिस्त ठेवावी लागते.

मग वापरायचे काय? याचे एकच उत्तर नाही. काम उघड्यावर आहे की बंद खोलीत, धातू कोणता आहे, वरून कोणता रंग लागणार आहे आणि मारलेला माल पुन्हा गोळा करता येतो का, या चार प्रश्नांवर ते ठरते.

उघड्यावरच्या, जागेवरच उभ्या असलेल्या लोखंडी कामाला गार्नेट सर्वांत सोयीचे. तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरील खनिजवाळूत ते सापडते. रंग तांबूस, कण जड आणि कठीण. साध्या वाळूपेक्षा त्याची घनता दीडपटीहून अधिक असल्याने धडकेत जोर असतो आणि धूळ मात्र कमी उडते. चांगल्या गार्नेटमध्ये मुक्त सिलिका एक टक्क्याहून कमी असते. खरेदी करताना पुरवठादाराकडून याचे प्रमाणपत्र मागावे. ताडपत्री अंथरून गोळा केले आणि चाळले तर हा माल तीन-चार वेळा सहज वापरता येतो. किंमत ऐकून जे दचकतात ते हा गुणाकार करायचे विसरतात. मारण्याच्या कामाला ३०/६० मेशचा माल चालतो. ८० मेशचे बारीक गार्नेट मुख्यतः पाण्याच्या झोताने धातू कापण्याच्या यंत्रांसाठी असते. दोन्हींची पोती सारखीच दिसतात, म्हणून छापील आकडा वाचून घ्यावा.

कॉपर स्लॅग, म्हणजे तांबे वितळवताना उरलेली काचेसारखी काळी मळी, गार्नेटपेक्षा स्वस्त पडते. तिचे कण धारदार असतात, त्यामुळे जाड गंजावर ती चांगली चालते. पण एकदा आपटली की चूर होते, म्हणून ती एकाच वापराची समजावी. थूत्तुकुडीचा तांबे कारखाना मे २०१८ मध्ये बंद झाल्यापासून दक्षिणेकडील पुरवठ्याचा एक मोठा स्रोत आटला आहे. गुजरातेत दहेज येथे तांब्याचा मोठा कारखाना आहे. स्लॅगमध्ये जड धातूंचे अंश असू शकतात, त्यामुळे वापरलेली मळी शेताच्या बांधावर किंवा ओढ्याकाठी टाकू नये.

पोलादी ग्रिट आणि शॉट हा बंद खोलीचा माल. ग्रिट कोनदार असते, त्याने पृष्ठभाग खरखरीत होतो. शॉट गोल असते, त्याने पृष्ठभाग ठोकल्यासारखा गुळगुळीत होतो. योग्य रीतीने गोळा केले तर ते शेकडो वेळा फिरते, म्हणून दर किलोची किंमत मोठी असली तरी दर चौरस मीटरचा खर्च सर्वांत कमी येतो. पण जमिनीवर सांडले, पावसात भिजले की त्याचाच गंजलेला गोळा होतो. एकच छप्पर आणि मातीची जमीन असलेल्या दुकानाने या वाटेला जाऊ नये.

स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियमचा नियम वेगळा आहे. त्यांच्यावर पोलादी ग्रिट कधीही मारू नये. लोखंडाचे सूक्ष्म कण पृष्ठभागात रुततात आणि पहिल्याच पावसाळ्यात तांबूस ठिपके उमटतात. दुधाच्या टाक्या किंवा रुग्णालयाचे फर्निचर करणाऱ्यांनी ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा काचेचे मणी वापरावेत. ॲल्युमिनियम ऑक्साइडचे काठिण्य मोहस् मापनपट्टीवर ९, म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल. काचेचे मणी मात्र गंज खोदत नाहीत, ते फक्त एकसारखी मंद चकाकी देतात. काचही सिलिकेचीच ना, असा प्रश्न येथे येतो. काचेतील सिलिका स्फटिकरूप नसते, म्हणून ती क्वार्ट्‌झइतकी घातक मानली जात नाही. धूळ टाळायची ती मात्र टाळायचीच. आणखी एक सावधगिरी. लोखंडी कामासाठी वापरलेले गार्नेट त्याच दिवशी स्टेनलेसवर मारले तर परिणाम पोलादी ग्रिटसारखाच होतो. दोन्हींचे डबे वेगळे ठेवावेत.

नाजूक कामासाठी अक्रोडाच्या कवचाचा भुगा, मक्याच्या बुरकुंडाचा भुगा, इतकेच काय खाण्याचा सोडासुद्धा वापरतात. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा १९८६ मध्ये जीर्णोद्धार झाला, तेव्हा आतल्या तांब्यावरचे जुने थर सोड्याने उतरवले होते. शेजारच्या निर्मलच्या बाजूला मक्याची शेती मोठी, आणि बुरकुंडे बहुधा जळणातच जातात. इंजिनाचे भाग किंवा लाकडी कोरीवकाम स्वच्छ करायला हा भुगा उपयोगी आहे. गंजावर मात्र तो निष्प्रभ ठरतो.

स्वच्छता किती हवी याला मापदंड आहे. आयएसओ ८५०१-१ या मानकात एसए-१, एसए-२, एसए-अडीच आणि एसए-३ अशा पायऱ्या आहेत, आणि प्रत्येकीचे छायाचित्र आहे. भारतीय मानक आयएस ९९५४ हेही चित्ररूपच आहे. इपॉक्सी रंगासाठी बहुधा एसए-अडीच मागतात. म्हणजे लोखंड जवळजवळ पांढरे दिसते आणि फक्त फिकट डाग उरतात. त्याच्या जोडीला खरखरीतपणाचे माप असते. ते साधारण ५० ते ७५ मायक्रॉन असावे. कण मोठा घेतला तर दऱ्या खोल होतात, आणि पातळ रंगातून डोंगरांची टोके उघडी राहतात. गंज तेथूनच परततो.

धरणांच्या दारांना या सगळ्याची विशेष गरज असते. वर्षातील बरेच महिने अर्धे अंग पाण्यात आणि अर्धे उन्हात, अशी त्यांची स्थिती. जलदारांच्या रंगकामासाठी आयएस १४१७७ हे स्वतंत्र मानकच आहे. पूर्वीच्या अखंड आदिलाबाद जिल्ह्यातील आणि २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात असलेल्या कडम प्रकल्पाला १८ दारे आहेत. जुलै २०२२ च्या महापुरात ती सर्व उघडली नाहीत आणि खालच्या गावांनी ती रात्र कशी काढली हे अनेक वाचकांना आठवत असेल. त्या घटनेचा दोष गंजावर टाकण्याचा येथे हेतू नाही. दार वेळेवर हलण्यासाठी जी निगा लागते तिच्यात रंगकाम हा एक भाग आहे, आणि रंगकामाचा निम्मा निकाल रंगाचा डबा उघडण्यापूर्वीच लागलेला असतो, इतकेच म्हणायचे आहे. पेनगंगेवरील चनाका-कोरटा बंधाऱ्याच्या दारांनाही काही वर्षांनी हेच सोपस्कार लागतील.

आता जोडसाहित्याकडे. सर्वाधिक पैसा वाया जातो तो नोझलमध्ये, आणि तो दिसत नाही. नोझलचा क्रमांक म्हणजे छिद्राचा व्यास एक इंचाच्या किती सोळांशांइतका आहे, ते. क्रमांक ४ म्हणजे पाव इंच, क्रमांक ६ म्हणजे पाऊण इंचाचा अर्धा. १०० पीएसआय दाबाला क्रमांक ४ ला मिनिटाला सुमारे ८० घनफूट हवा लागते, तर क्रमांक ६ ला सुमारे २०० घनफूट. दुकानांत असतो तो पाच अश्वशक्तीचा पिस्टन कॉम्प्रेसर जेमतेम २० घनफूट हवा देतो. त्यावर क्रमांक २ ची बारीक नोझल कशीबशी चालते, म्हणजे कॅबिनेटमधील छोटे काम. त्याच कॉम्प्रेसरवर ट्रॉली साफ करायला घेणे म्हणजे बैलगाडीला ट्रॅक्टरचा नांगर जुंपणे. मोठे काम वर्षातून दोनदाच येत असेल तर डिझेलचा स्क्रू कॉम्प्रेसर भाड्याने आणावा.

नोझल झिजते. क्रमांक ६ ची झिजून ७ झाली की छिद्राचे क्षेत्रफळ छत्तीस टक्क्यांनी वाढते, हवाही तितकीच जास्त लागते आणि कॉम्प्रेसर पुरा पडत नाही. नोझलपाशी दाब १०० वरून जितके पीएसआय खाली येईल, तितके दीडपट टक्के काम कमी होते, असा या धंद्यातील ठोकताळा आहे. सिरॅमिकची नोझल काही तासांत जाते, टंगस्टन कार्बाइडची काहीशे तास टिकते, बोरॉन कार्बाइडची त्याहून अधिक. मापायला वेगळे यंत्र नको. मूळ मापाच्या ड्रिल बिटची दांडी छिद्रात ढिली हलते का ते पाहावे. छिद्र एक सोळांश इंचाने वाढले की नोझल बदलावी. नळीचा आतला व्यास नोझलच्या छिद्राच्या निदान तिप्पट असावा, आणि नळी स्थिरविद्युत वाहून नेणारी, या कामासाठीच बनवलेली असावी. शेतीपंपाची नळी जोडण्याचा मोह आवरावा. जोडावर साखळी किंवा सुरक्षा दोर लावावा, कारण सुटलेली नळी सापासारखी फटकारते. हात सोडताच झोत थांबवणारा दांडा, ज्याला ‘डेडमन’ म्हणतात, त्याला दोरीने बांधून ठेवण्याची वाईट सवय आहे. त्या दांड्याचे नावच तो कशासाठी आहे हे सांगते.

पाणी हा दुसरा शत्रू. दाबलेल्या हवेतून पाणी सुटते, माल गोळा होऊन भांड्याच्या तोंडाशी अडकतो आणि लोखंडावर तासाभरात पिवळसर छटा येते. म्हणून आफ्टरकूलर आणि ओलावा वेगळा करणारा फिल्टर हवाच. आदिलाबादची थंडी इथे जास्त भोवते. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान एक अंकी होते, लोखंड रात्रभर गारठते आणि सकाळी त्यावर दव जमते. धातूचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअसने जास्त आणि हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत असेल तेव्हाच रंग लावावा. हिवाळ्यात दहाच्या पुढे सुरुवात करून, जितके साफ केले तितक्यावर चार तासांच्या आत पहिला हात मारून घ्यावा. उद्या रंगवू म्हणून साफ करून ठेवलेले लोखंड पुन्हा साफ करावे लागते.

राहिली ती दस्ती. तोंडाला ओला रुमाल बांधून काम करणारे आपण सर्वांनी पाहिले आहेत. ज्या कणांनी मृत्यू येतो त्यांना कापडाची वीण म्हणजे उघडा दरवाजा आहे. वाळूऐवजी गार्नेट घेतले तरी जुन्या रंगातील शिशाची धूळ आणि गंजाची भुकटी उडतेच. त्यामुळे खांद्यापर्यंत झाकणारे, बाहेरून नळीने ताजी हवा येणारे शिरस्त्राण लागते. ही हवा कामाच्याच कॉम्प्रेसरमधून घ्यायची असेल तर तेलाचा वास शोषणारा फिल्टर आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र हवे. तेल तापून जळले की हा वायू तयार होऊ शकतो, आणि त्याला वास नसतो. कॉम्प्रेसरचे हवा घेणारे तोंड डिझेल इंजिनाच्या धुराकडे वळलेले नाही ना, हेही पाहावे. आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो, म्हणून शिरस्त्राणाच्या आत कानात बोळे घालावेत. मदतनीस भांडे भरताना आणि झाडताना तीच धूळ पितो, त्यालाही मास्क द्यावा. घरी जाण्यापूर्वी कपडे बदलावेत, नाहीतर तीच धूळ लेकरांच्या अंथरुणापर्यंत पोहोचते.

खरेदीला निघण्यापूर्वी आपल्या कॉम्प्रेसरवर लिहिलेला घनफुटांचा आकडा कागदावर उतरवून न्यावा. विक्रेता आधी तोच विचारील. त्याने तो न विचारताच मोठी नोझल पुढे केली, तर दुसरे दुकान पाहावे.